बेलवलीतील बेल

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे हिमालय, काशी-रामेश्वर, निदानपक्षी महाबळेश्वर तरी उभे राहते. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत येथे सांगणार आहोत, तो उणापुरा दीड मैलाचा आहे. त्यास तिकीट लागले नाही, वळकटी बांधावी लागली नाही, आणि शिदोरीदाखल घेतलेले दोन पेरू पहिल्या वळणावरच संपले. असे असता तो सांगण्याचे धाडस आम्ही का करितो, हे पुढे कळेलच.

आमचे वास्तव्य बेलवलीस. मुंबईहून कर्जतकडे जाताना ६८ किलोमीटरांवर बदलापूर स्टेशन लागते. त्याच्या पश्चिम अंगास जी वस्ती पसरली आहे, तीत बेलवली, मांजर्ली इत्यादी जुनी गावे आता एकमेकांत अशी मिसळून गेली आहेत की, कोणते कोठे संपते हे नव्या माणसास सांगता येणार नाही. आणखी पश्चिमेस गेले म्हणजे उल्हास नदी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून ती कर्जतवरून येथे येते व पुढे कल्याणवरून वसईच्या खाडीस मिळते. पूर्वी वाटसरू येथे घोडे बदलीत म्हणून बदलापूर, अशी आख्यायिका आहे. १८५६ साली कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी धावू लागली आणि घोडे बदलण्याचे कारण उरले नाही. आम्ही १९८६ साली येथे बिऱ्हाड केले, तेव्हा आमच्या खिडकीतून भाताची खाचरे दिसत. २००१ च्या खानेसुमारीत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ९८ हजार भरली होती; २०११ साली ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आता आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, आणि तीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पाहत असतात.

घर आमचे एकत्र आहे. चिरंजीव व सूनबाई दोघेही मुंबईस नोकरीवर असतात. सकाळी साडेसहाची गाडी गाठावयाची आणि रात्री साडेआठनंतर घरी पाऊल टाकावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम. मातांनी नोकऱ्या धरल्यामुळे मुले बिघडली, अशा आशयाचे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत. ते लिहिणारांनी एकदा साडेसहाच्या गाडीने उभ्याने जाऊन पाहावे, एवढेच आमचे म्हणणे. दिवसभर नातवंडे आमच्या स्वाधीन असतात. नातू नऊ वर्षांचा आहे, नात सहा वर्षांची. त्यांच्या हाती मोबाईल कोणी दिला, असे कोणी विचारील तर कबूल केले पाहिजे की, तो आम्हीच दिला. दुपारी डोळा लागावा, संध्याकाळी पोथीची चार पाने निर्वेधपणे वाचून व्हावीत, हा आमचा स्वार्थ. मुले गप्प बसली म्हणजे शहाणी झाली, हा समज आम्ही शाळेतून निवृत्त होताना बरोबरच घरी आणला होता.

गेल्या श्रावणातील पहिल्या सोमवारी गृहिणीने स्टेशनाजवळच्या बाजारातून बेलाची जुडी आणविली. पाने पुसून ताम्हनात ठेवण्याचे काम नातीकडे होते. पुसता पुसता ती म्हणाली, "आजोबा, आपल्या गावाचं नाव बेलवली ना? मग बेल विकत का आणायचा? आपला बेल कुठे आहे?"

आम्ही संस्कृताचे मास्तर. बिल्व शब्द कसा चालतो, त्रिदल म्हणजे काय, शंकरास तो प्रिय का, हे सर्व आम्ही तीस यथासांग सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते नाही. झाड दाखवा."

जवळजवळ चाळीस वर्षे बेलवलीत काढूनही आम्हास बेलाचे एकही झाड ठाऊक नव्हते.

त्याच संध्याकाळी दोघांना घेऊन आम्ही निघालो. आदल्या रात्रीच्या पावसाने रुळांखालचा भुयारी मार्ग नेहमीप्रमाणे तुंबला होता. आमची वाट सुदैवाने त्याच्या उलट दिशेस, नदीकडे जाणारी होती. इमारती मागे पडून कुंपणे आणि गवत लागले, तसे नातवाने विचारण्यास सुरुवात केली: हे काय, ते काय. आमची उत्तरे "झुडूप", "वेल", "रानटी झाड" एवढ्यातच आटोपत होती. अमरकोशाचा वनौषधिवर्ग आम्ही लहानपणी घोकला होता. त्यातील शेकडो नावे आजही जिभेवर आहेत. परंतु त्यांपैकी कोणते नाव पुढे उभ्या असलेल्या कोणत्या झाडाचे, हे सांगण्याची पाळी आली तेव्हा आमची विद्या उघडी पडली. शेवटी नदीच्या वाटेवर तीन-तीन पानांचे एक झाड दिसले. आम्ही मोठ्या थाटात काठी उंचावून म्हणालो, "हा पाहा बेल!"

रस्त्याच्या कडेला एक ठाकूर बाई रानभाज्यांची पाटी उतरून बसली होती. ती हसली. म्हणाली, "मास्तर, ह्यो बेल नाय. वायवर्णा हाय ह्यो. ह्याची भाजी करतात." तिच्याजवळ आमच्या नातीएवढीच एक मुलगी होती. आमच्या नातवाने पाटीकडे बोट करताच तिने टाकळा, कुर्डू, भारंगी अशी नावे घडाघडा सांगितली, आणि एक पान चुरून त्याच्या नाकाशी धरले. आमची दोन्ही मुले तिच्याकडे विस्मयाने पाहत राहिली. त्या मुलीच्या पायांत वहाणा नव्हत्या. तिच्या ज्ञानाचे कौतुक करिताना तिचे दारिद्र्य गोड करून सांगावे, अशी आमची इच्छा नाही. परंतु त्या घटकेपुरती ती गुरू होती आणि आम्ही तिघेही विद्यार्थी, हे खरे.

घरी परतताना आम्हास कोसबाडची आठवण झाली. कित्येक वाचकांस ती हकीकत माहीत असेल. तरी येथे सांगितली पाहिजे. ताराबाई मोडक यांनी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे कार्य केले, आणि पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्याच साली अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. लहान वयात विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे त्यांचे प्राक्तन. परंतु पुढे हजारो मुलांनी त्यांना ताई म्हटले. १९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत ना. लहान मुले येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यावी, असे या दोघींनी ठरविले; अंगणवाडी हा शब्द तेथला, आणि १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तो देशभर गेला. थोरली मुले गुरे वळावयास जात म्हणून येत नसत. त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आहेत, आणि झाडाखाली खडे, शिंपले, बिया, पाने यांवर गणित व अक्षरे चालली आहेत, अशी ती कुरणशाळा होती.

आम्ही नोकरीत असताना एकदा ती टेकडी पाहून आलो होतो. परत येऊन दोन पृष्ठांचा अहवाल लिहिला. त्यात "उपक्रम स्तुत्य आहे" असे वाक्य होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्ववत् फळ्याकडे तोंड करून उभे राहिलो. कुरणशाळा ही गरीब मुलांसाठी केलेली सोय आहे, आपल्या पांढरपेशा मुलांस तिचे काय प्रयोजन, असे आम्हास तेव्हा वाटले होते. तीतली खरी गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. त्या दोन स्त्रियांनी मुलाच्या हातचे गुरू सोडवून त्यास शाळेत ओढले नाही. जे मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका मुक्या जीवाची तहान-भूक ओळखते, ते वाट चुकले तर शोधून आणते, त्याचे निम्मे शिक्षण झालेलेच आहे, हे त्यांनी मानले आणि उरलेले निम्मे त्याच्यापर्यंत नेऊन पोहोचविले. आमच्या नातवाच्या स्वाधीन काय आहे? दप्तर, पाण्याची बाटली आणि मोबाईल. यांतले काहीही उपाशी राहत नाही, आजारी पडत नाही, मरत नाही. सांभाळावयास काही दिलेच नाही, तर मूल सांभाळणे शिकावे तरी कशावरून?

आमच्या संस्कृत वर्गात शाकुंतलातील चौथ्या अंकाचा भाग शिकविण्याचा प्रसंग बहुतेक दरवर्षी येई. झाडांना पाणी घातल्यावाचून शकुंतला पाणी पीत नसे, लेण्याची हौस असूनही झाडाचे पान तोडीत नसे, हे सांगताना आमचा कंठ दाटून येई. मुलेही स्तब्ध होत. शाळेच्या आवारात एक आंब्याचे रोप उन्हाळ्यात वाळत असे. तीस-बत्तीस वर्षांत आम्ही एकाही विद्यार्थ्यास त्यास तांब्याभर पाणी घालावयास सांगितले नाही. परीक्षेत विचारीत ते संदर्भ आणि समास.

असो. रात्री पाने वाढली तेव्हा नातीने बापास सांगितले, "बाबा, बेलवलीत बेल नाहीच आहे. आजोबांनी सगळीकडे शोधला."

चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, "आहे. मला माहीत आहे. रविवारी दाखवतो."

आम्ही त्यांच्याकडे पाहिले. ते ताटाकडे पाहत होते.

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती सांगावी की न सांगावी याचा आम्ही पुष्कळ विचार केला. चिरंजीव चौथीत होते. शिष्यवृत्तीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. एके दिवशी शाळेतून येताना त्यांना घरट्यातून पडलेले बुलबुलाचे पिलू सापडले. त्यांनी ते चपलांच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून ठेविले आणि दर अर्ध्या तासाने अभ्यासावरून उठून ते पाहू लागले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा आम्ही खोके हातात घेतले. "परीक्षेत पक्षी विचारणार आहेत काय?" असे आमचे शब्द होते. खोके आवाराच्या भिंतीवर ठेवून आम्ही दार लावून घेतले. सकाळी भिंतीखाली खोके उलटे पडले होते, आणि आमच्या गल्लीत मांजरांची वाण कधीच नव्हती. मुलगा रडला नाही. परीक्षा दिली, शिष्यवृत्ती मिळविली, आम्ही पेढे वाटले. त्यानंतर त्याने आम्हास कधी काही आणून दाखविले नाही. रंगीत खडा नाही, पान नाही, पुढे पगाराचे पहिले पाकीटही त्याने आईच्या हाती दिले. बोलणे-चालणे सर्व व्यवस्थित. आज्ञाधारक असा मुलगा म्हणून नातेवाइकांत आमचा हेवाच होई. आम्हीही स्वतःस धन्य समजत होतो.

मधल्या शुक्रवारी जिवतीची पूजा झाली. आघाडा बाजारातून आणावयाचा नाही, असा नातीने हट्टच धरला. तेव्हा गृहिणी तीस घेऊन इमारतीच्या मागील मोकळ्या जागेत गेली आणि दोघी परकरास नि पदरास आघाड्याची कुसळे चिकटवून परत आल्या. नातवंडांस ओवाळून झाल्यावर गृहिणीने रिवाजाप्रमाणे, जे मूल घरी नाही त्याच्यासाठी चारी दिशांस अक्षता टाकिल्या. त्या वेळी चिरंजीव मुंबईस कचेरीत होते. अक्षता टाकताना तिचा हात पश्चिमेकडे, मुंबईच्या बाजूस, जरा अधिक लांब गेला. ती हे प्रतिवर्षी करिते. आम्ही ते प्रथमच पाहिले.

रविवारी सकाळी आम्ही पाचही जण निघालो. गृहिणीचे गुडघे दुखत असल्याने ती घरी राहिली. वरील दोन पेरू तिनेच बांधून दिले होते. चिरंजीव पुढे, दोन्ही मुले त्यांच्या दोन्ही हातांस, मागे सूनबाई आणि आम्ही. सोमवारचीच वाट होती, पण चाल निराळी होती. मुले थांबली की ते थांबत. प्रश्न विचारला की लगेच उत्तर देत नसत, "तुला काय वाटतं?" असे विचारीत. नातवास भिंतीवर एक गोगलगाय दिसली. ती वर चढत होती आणि तिच्यामागे चकाकणारी रेघ उमटत होती. नातू तेथे जो उभा राहिला, तो हालेना. पाच मिनिटे गेली, सात गेली. आमच्या तोंडून सवयीने निघाले, "चला, चला, उशीर होतो आहे."

चिरंजीव मागे वळून म्हणाले, "अण्णा, पाहू दे त्याला."

स्वर अगदी साधा होता. रविवारच्या सकाळी आम्हास कोठे पोहोचावयाचे होते की उशीर व्हावा, हे आमच्याही ध्यानात आले. गोगलगाय भिंतीच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत आम्ही सर्वजण उभे राहिलो.

नदीच्या काठी पाणी तांबडे होऊन वाहत होते. तेथे चिरंजीवांनी मुलांस २००५ च्या आणि २०१९ च्या पुराची हकीकत सांगितली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी या स्टेशनांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. आत हजारावर उतारू होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान नावा घेऊन आले, नौदल आले, आणि आसपासच्या गावांतील लोकही धावून गेले. नातीने विचारले, "त्यांना पाण्याची भीती नाही वाटली?" चिरंजीव म्हणाले, "वाटली असेल. पण त्यांना नदी माहीत होती. कुठे उथळ, कुठे ओढ, हे लहानपणापासून पाहिलेलं असतं." आम्ही ही बातमी वर्तमानपत्रात वाचली होती, तिच्यातून मुलास सांगण्याजोगे एवढे काही काढता येईल, हे आम्हास सुचले नव्हते.

काठाकाठाने थोडे पुढे जाऊन आम्ही एका शेताच्या बांधावर चढलो. तेथे बेल उभा होता. फार उंच नाही. एका अंगाने वाकलेला, बुंध्यावर जुनी कुऱ्हाडीची खूण, फांद्यांना लांब काटे, आणि पानांआड सुपारीहून थोडी मोठी हिरवी फळे. शेजारी मोजणीचे दगड नव्याने पुरलेले दिसले. नातीने पान चुरून वास घेतला आणि म्हणाली, "हाच."

"बाबा, तुम्हाला कसं माहीत?" नातवाने विचारले.

चिरंजीव बुंध्याशी उकिडवे बसले होते. त्यांनी नातीस उत्तर द्यावे तसे, आमच्याकडे न पाहता सांगितले, "मी लहान असताना माझं एक पिलू गेलं. बुलबुलाचं. त्याची पिसं मी इथे आणून पुरली होती. मग अधूनमधून येत असे."

"रडला होतात?" नातीने विचारले.

"हो. इथे रडलो."

आम्हास वाटले होते, तो रडला नाही. पावसाची एक सर आली. आम्ही पुढे होऊन छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. दुसरे काय करावे ते सुचले नाही. ते उठले नाहीत, की छत्री बाजूसही सारली नाही. आमचा खांदा पुरता भिजला. सूनबाई मुलांस घेऊन दोन पावले पलीकडे गेल्या, याबद्दल आम्ही त्यांचे मनात आभार मानले.

तेवढ्यात शेताची मालकीण, एक वृद्ध बाई, इरले सावरीत आली. झाड कोणाच्या आजेसासऱ्याने राखले, किती जण श्रावणात पाने नेतात, हे तिने सांगितले. जमिनीचा सौदा झाला आहे. पुढल्या पावसाळ्यात येथे काय असेल, हे तिला सांगता येईना. नगरपरिषदेच्या हद्दीत परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, असा १९७५ चा कायदा आहे, हे आम्ही तिला समजावू लागलो. तिने ते ऐकून घेतले, आमच्या नातीने सोमवारी ऐकून घेतले होते तसेच. मग ती बुंध्यामागे गेली. बेलाच्या मुळांना जागोजाग धुमारे फुटतात. त्यांपैकी वीतभर उंचीचा एक तिने खुरप्याने मातीच्या गोळ्यासकट काढला आणि नातवाच्या हाती दिला. "जपून ने रं," एवढेच ती म्हणाली. परतीच्या वाटेवर नातवाने तो दोन्ही हातांत धरला होता. मोबाईलवर चित्रे काढण्याचे त्यास सुचले नाही.

ते रोप सध्या आमच्या गॅलरीत एका जुन्या डब्यात आहे. पहिले तीन आठवडे त्याची होती ती पानेही गळली. नातू दररोज शाळेत जाण्यापूर्वी आम्हास विचारी, "आजोबा, मेलं का हो?" आणि आम्हास खरे उत्तर माहीत नसल्यामुळे आम्ही, आयुष्यात बहुधा प्रथमच, "मला ठाऊक नाही, आपण पाहू," असे सांगत होतो. त्याने हार मानली नाही. खोड नखाने हळूच खरवडून आत हिरवे आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती त्यास बापाने शिकविली होती. नात दुधाचा पेला तोंडास लावण्यापूर्वी डब्यात पाणी घालून येई. तीस हे कोणी सांगितले, याची चौकशी केली; कोणी सांगितले नव्हते.

परवा, भाद्रपदाच्या पहिल्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमारास चिरंजीव मुंबईहून आले. पायांतील बूटही न काढता ते गॅलरीत गेले. आम्ही आत पोथी वाचीत होतो. बाहेरून हाक आली,

"अण्णा, जरा इकडे या. एक दाखवायचंय."

आम्ही चष्मा तसाच विसरून बाहेर गेलो. त्यांनी डब्याजवळ दिवा धरला होता. तांबूस, इवलेसे, अजून पुरते न उलगडलेले असे ते होते. आम्हास नीट दिसेना, म्हणून त्यांनी आमचा हात धरून बोट त्यावर टेकविले.